कर्जप्रस्ताव : आधी स्वतःसाठी, मग बँकेसाठी

‘कर्ज’ हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरांत अजूनही थोडा खालच्या आवाजात उच्चारला जातो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ती चुकीचीही नाही. परंतु सण करण्यासाठी काढलेले ऋण आणि धंदा वाढवण्यासाठी काढलेले ऋण यांत एक मूलभूत फरक आहे. सण संपला की ऋण तेवढे मागे उरते. धंद्याच्या ऋणाने मात्र स्वतःची फेड स्वतःच करावी, अशी अपेक्षा असते. ती अपेक्षा पुरी होईल की नाही हे पैसे हातात पडण्यापूर्वीच कागदावर मांडून पाहणे, याचेच नाव कर्जप्रस्ताव.

आपल्या महाविद्यालयातून पदवी घेऊन मी बँकेत लागलो. नोकरीची बरीच वर्षे कर्जविभागात गेली, शेवटची बदली भोपाळला झाली आणि निवृत्तीनंतर मी तेथेच, जवाहर चौकाच्या परिसरात, राहिलो. ओळखीचे लहान दुकानदार, गृहिणी, नुकतेच पदवीधर झालेले तरुण अधूनमधून हातात एक छापील अर्ज घेऊन येतात आणि म्हणतात, “काका, एवढा फॉर्म भरून द्या.” फॉर्म भरणे हे काम दहा मिनिटांचे असते. त्या फॉर्ममागचा विचार करायला मात्र दोन-तीन रविवार लागतात. त्या विचाराची पद्धत आपल्या विद्यार्थी मित्रांसमोर, विशेषतः वाणिज्य शाखेबाहेरच्या मित्रांसमोर, सोप्या शब्दांत ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माणूस पाहून कर्ज, कागद पाहून कर्ज

आपल्या भागातले एक उदाहरण सर्वांना माहीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे बनवली. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात जागा आणि आर्थिक मदत दिली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. राजेसाहेब माणूस ओळखून होते. मुंबईत १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच आजची ‘लिज्जत’ची संस्था. तेथेही उसने देणारे छगनलाल करमसी पारेख त्या बायकांना ओळखत होते.

बँकेला अशी ओळख नसते. आज ज्या अधिकाऱ्यापुढे तुम्ही बसला आहात, त्याची तीन वर्षांनी बदली होणार आहे. तो ठेवीदारांचे पैसे देतो आहे, स्वतःचे नव्हे. म्हणून राजेसाहेबांनी जे डोळ्यांनी पाहिले, ते बँकेला कागदावर दिसावे लागते. प्रस्ताव म्हणजे अनोळखी माणसाला करून दिलेली आपली आणि आपल्या धंद्याची ओळख होय.

पूर्वी बँका प्रामुख्याने तारण पाहत. सोने, घर, जमीन असेल त्याला कर्ज, आणि नसेल त्याला सावकार. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती, तसेच कानडी मुलखातल्या कॅनरा आणि सिंडिकेट याही होत्या. त्यानंतर लहान माणसाला कर्ज देणे हे बँकांचे कर्तव्य मानले जाऊ लागले. १९७५ साली प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल दिला, आणि तारण किती आहे यापेक्षा धंद्याची खरी गरज किती आहे, हे पाहून कर्ज द्यावे, हा विचार पक्का झाला. २०१० साली तर रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे बँकांना बजावले.

याचा अर्थ तारण नसलेल्याचे काम सोपे झाले असा अनेकजण करतात. वस्तुतः त्याची जबाबदारी वाढली आहे. जिथे घराचा उतारा बोलत नाही, तिथे हिशेबाला बोलावे लागते.

खाणावळीच्या बायका

या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण मला मुंबईच्या गिरणगावातले वाटते. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका वर्षानुवर्षे वाण्याकडे आणि सावकाराकडे अडकलेल्या असत. कामगार पगार झाल्यावर महिन्याचे पैसे देई, परंतु तांदूळ, डाळ, रॉकेल रोज लागे. मधले तीस दिवस सावकार भरून काढी आणि नफा व्याजात नेई. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांना संघटित करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले कार्यकर्ते. या बायकांपाशी तारण नव्हते. त्यांच्यापाशी होती ती रोज जेवणारी माणसे आणि ठरलेल्या तारखेचा पगार. बँकेला विश्वास वाटावा असे उत्पन्न तेथे होतेच, ते कोणी मांडून दाखवलेले नव्हते एवढेच.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला ‘खेळते भांडवल’ म्हणतात, ते म्हणजे हेच मधले तीस दिवस. ही एक गोष्ट नीट समजली तर निम्मा प्रस्ताव समजला, असे मी म्हणेन.

जवाहर चौकातले एक उदाहरण

आता आमच्या चौकाकडे येतो. हा भाग तात्या टोपे नगरात, बोलीभाषेत टी. टी. नगरात, मोडतो. येवल्याच्या तात्या टोप्यांचे नाव असलेल्या या वस्तीत मराठी बोलणे कानावर पडले तर नवल वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी नागपूरहून भोपाळला आली, आणि सचिवालयाबरोबर नागपूर-विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबेही आली. सरकारी क्वार्टर्समध्ये ती राहिली, त्यांची मुले येथेच वाढली.

अशाच एका घरातली सून माझ्याकडे आली. ती घरून पोळी-भाजीचे डबे देते. चाळीस डबे जातात, चव चांगली आहे, आणखी मागणी आहे. “काका, आता दुकान घेते. घरात जागा पुरत नाही. बँकेतून दोन लाख निघतील ना?” असा तिचा प्रश्न होता. मी तिला सांगितले की दोन लाख निघतील की नाही हे नंतर पाहू, आधी ते जातील कुठे आणि परत येतील कसे ते लिहू. पुढचे आकडे तिच्या संमतीने, परंतु समजायला सोपे जावे म्हणून गोल करून देत आहे.

प्रस्तावात तीन प्रश्नांची उत्तरे असतात : तुम्ही कोण आणि आज काय करता? पैसे कशाला आणि किती हवेत? ते फिटणार कशातून? बाकी सारी पाने या तीन उत्तरांचे पुरावे असतात.

पहिले उत्तर : आजची स्थिती

एका डब्याची किंमत ८० रुपये. महिन्यात २६ दिवस. चाळीस डब्यांची मासिक विक्री ८३,२०० रुपये, म्हणजे वर्षाला जवळजवळ दहा लाख. हा आकडा ऐकून ताई स्वतःच चकित झाली. आपण ‘घरातल्या घरात काहीतरी’ करतो, अशीच तिची समजूत होती.

एका डब्यामागे किराणा, भाजी व गॅस मिळून ४५ रुपये जातात. उरतात ३५ रुपये. यातून डबे पोचवणाऱ्या मुलाचे ५,०००, मदतनीस बाईचे ८,००० आणि किरकोळ २,००० असा १५,००० रुपयांचा मासिक खर्च वजा करायचा.

चाळीस डबे × ३५ रुपये × २६ दिवस = ३६,४०० रुपये
वजा मासिक खर्च = १५,००० रुपये
हाती शिल्लक = २१,४०० रुपये

येथे एक काळजी घ्यावी. डब्याच्या संख्येबरोबर वाढणारा खर्च (किराणा, भाजी, गॅस) आणि डबे गेले काय, न गेले काय, द्यावाच लागणारा खर्च (भाडे, पगार) हे दोन वेगळ्या खणांत लिहावेत. हे दोन खण एकत्र केले की पुढचे सारे गणित आंधळे होते.

हे आकडे खरे कशावरून? बँक हाच प्रश्न विचारणार. ताईपाशी गिऱ्हाइकांची वही होती. निम्मे लोक मोबाइलवरून थेट खात्यात पैसे टाकत, त्यामुळे बँकेच्या उताऱ्यात त्यांची नोंद होती. रोख आलेले पैसे मात्र घरातल्या डब्यात जात. मी तिला सांगितले की आजपासून रोखही आधी खात्यात भरायची आणि मग काढायची. मणिपालच्या टी. एम. ए. पै यांच्या बँकेने १९२८ साली ‘पिग्मी’ ठेवीची योजना काढली आणि दारोदार जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा केले. त्यातून गरिबाची बचत तर झालीच, शिवाय त्याच्या मिळकतीचा रोजचा लेखी दाखला तयार झाला. लहान धंद्याला आजही अशाच दाखल्याची गरज आहे. सहा महिन्यांच्या नियमित नोंदी कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा मोलाच्या ठरतात.

दुसरे उत्तर : पैसे कशाला

ताईच्या मनातल्या दुकानाचा खर्च आम्ही असा लिहिला : कणीक मळण्याचे यंत्र ३५,०००; व्यावसायिक गॅसची शेगडी व जोडणी ३०,०००; मोठा फ्रीज ४५,०००; भांडी आणि डब्यांचे जादा संच ५०,०००; ओटा, नळ, वीज, धूर बाहेर टाकणारा पंखा ४०,०००. एकूण दोन लाख. याखेरीज दुकानाची अनामत ४०,०००.

बँक सहसा संपूर्ण रक्कम देत नाही. काही हिस्सा अर्जदाराने घालायचा असतो, त्याला ‘मार्जिन’ म्हणतात. येथे पाव हिस्सा, म्हणजे ५०,००० ताईचे आणि १,५०,००० बँकेचे, असे धरले. अनामतीचे पैसे मात्र घरातूनच काढावेत, कारण त्यातून यंत्र किंवा माल उभा राहत नाही. प्रत्येक वस्तूचे दुकानदाराकडून लेखी दरपत्रक, म्हणजे कोटेशन, आणायचे. बँक बहुधा पैसे थेट त्या विक्रेत्याला देते. म्हणून अंदाजपंचे आकडे चालत नाहीत, आणि ‘थोडे जास्तीचे धरू’ ही युक्तीही चालत नाही.

मग खेळते भांडवल. पंधरा दिवसांचा किराणा भरून ठेवायचा, तो सुमारे २८,०००. सत्तर डबे झाले आणि त्यांतले निम्मे लोक महिना संपल्यावर पैसे देणारे धरले, तर त्या ३५ डब्यांत महिनाभर अडकलेली रक्कम ४१,०००. एकूण गरज ६९,०००. त्यांतले ५०,००० बँकेचे, बाकी आपले.

बँकांकडे यासाठी एक सोपा आडाखाही आहे. १९९२ च्या नायक समितीच्या शिफारशीवरून लहान उद्योगाला अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के खेळते भांडवल देता येते. सत्तर डब्यांची वार्षिक उलाढाल साडेसतरा लाख रुपयांच्या घरात जाते, तिचे २० टक्के म्हणजे साडेतीन लाख! गरज ६९ हजारांची आणि आडाखा साडेतीन लाखांचा. कारखान्यात कच्चा माल येऊन पक्का होऊन विकेपर्यंत महिने जातात, त्याला हा आडाखा योग्य आहे. पोळी-भाजी सकाळी होते आणि दुपारी संपते. मिळते म्हणून घेतलेला जादा पैसा धंद्यात राहत नाही. तो लग्नाकार्यात किंवा घराच्या रंगकामात जातो, आणि हप्ता मात्र धंद्याच्या मानेवर बसतो.

तिसरे उत्तर : फेड कशातून

दीड लाखाचे मुदत कर्ज, ११ टक्के व्याज, ३६ महिने, असे धरले तर हप्ता सुमारे ४,९०० रुपये येतो. खेळत्या भांडवलाचे व्याज मिळून बँकेचे मासिक देणे ५,४०० धरू. दुकानाचा स्थिर खर्च असा : भाडे १२,०००, दोन अर्धवेळ मदतनीस १६,०००, डबे पोचवणे ५,०००, वीज-पाणी ३,०००, किरकोळ २,०००. एकूण ३८,०००. सत्तर डबे गेले तर :

सत्तर डबे × ३५ रुपये × २६ दिवस = ६३,७०० रुपये
वजा दुकानाचा खर्च = ३८,००० रुपये
शिल्लक = २५,७०० रुपये

ताई घरखर्चात दरमहा १२,००० रुपये घालते. ते वजा केल्यावर १३,७०० उरतात, आणि बँकेचे देणे ५,४०० आहे. म्हणजे अडीचपट. कोणताही कर्जअधिकारी या आकड्यावर समाधानाने मान डोलवील. मीही नोकरीत असतो तर हा प्रस्ताव मंजुरीसाठी पुढे पाठवला असता.

पण आता बँकेच्या खुर्चीतून उठून ताईच्या स्वयंपाकघरात उभे राहू. २५,७०० मधून बँकेचे ५,४०० गेले की उरले २०,३००. आज घरी बसून, कर्जाशिवाय, चाळीस डब्यांत तिला २१,४०० उरतात! म्हणजे सत्तर डबे करून, दोन लाखांचे कर्ज डोक्यावर घेऊन, पहाटे चारला उठून ती आजच्यापेक्षा अकराशे रुपये कमी मिळवणार. केवळ आजच्या जागी उभे राहायला तिला ७२ डबे लागतील. आणि काही कारणाने गिऱ्हाईक चाळीसवरच राहिले, तर दुकानाचा खर्चच निघणार नाही, दरमहा १,६०० रुपयांची तूट, वर बँकेचे देणे वेगळे. शंभर डबे झाले तर मात्र हाती ४७,६०० राहतील, हेही तितकेच खरे.

म्हणजे सारा प्रश्न एका आकड्यावर येऊन थांबला : चाळीसचे शंभर होतील का?

गिऱ्हाईक कुठे आहे?

येथे प्रस्तावातला ‘बाजारपेठ’ हा परिच्छेद महत्त्वाचा ठरतो. बहुतेक अर्जांत या परिच्छेदात ‘परिसरात भरपूर मागणी आहे’ असे एक वाक्य असते. या वाक्याला काडीचीही किंमत नाही. मागणी मोजावी लागते.

जवाहर चौकाची गोष्ट तर विशेष आहे. भोपाळची २०१६ साली स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली आणि पुढे उत्तर व दक्षिण टी. टी. नगरचा भाग पुनर्विकासासाठी घेतला गेला. जुनी सरकारी क्वार्टर्स पाडली गेली, रुंद रस्ते आले, मोठी बांधकामे सुरू झाली. ज्या घरांतून वर्षानुवर्षे चकली-चिवड्याच्या मागण्या येत, ती कुटुंबे शहराच्या दुसऱ्या टोकांना गेली. नव्या इमारतींत नवी माणसे येतील, परंतु कोण येतील, केव्हा येतील आणि डबा घेतील की स्वयंपाकीण ठेवतील, हे आज कोणाला सांगता येणार नाही. जो रस्ता दुकानाला शोभा देतो, तोच भाडेही वाढवतो.

मी ताईला एक आठवडा दिला आणि सांगितले, “ज्यांनी डबा मागितला आणि तू नाही म्हणालीस, त्यांची नावे लिही.” आठवड्याने तिने वही दाखवली. बारा नावे होती. चाळीस आणि बारा, बावन्न. बहात्तर नव्हे आणि शंभर तर नव्हेच नव्हे.

वहीकडे बघत ती बराच वेळ गप्प राहिली. दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी असावी, हे तिच्या मनात किती वर्षे होते ते मला तेव्हा कळले. मी तिला ‘दुकान नको’ असे म्हणालो नाही. एवढेच विचारले, की चाळीसच्या पुढे तू आज का जाऊ शकत नाहीस? ती म्हणाली, “कणीक मळून हात भरून येतात काका, आणि भाजी आदल्या दिवशी आणून ठेवायला जागा नाही.” म्हणजे अडचण जागेच्या भाड्याची नव्हतीच. अडचण एका यंत्राची आणि एका फ्रीजची होती.

दुसरा प्रस्ताव

मग आम्ही नवा कागद घेतला. यंत्र ३५,०००, फ्रीज ४५,०००, डब्यांचे संच व भांडी २०,०००. एकूण एक लाख. पंचवीस हजार ताईचे, पंचाहत्तर हजार बँकेचे. हप्ता सुमारे २,४५५ रुपये. मदतनीस बाई एकच, पण तिला आठाऐवजी दहा हजार. डबे पोचवणे ६,०००, वीज व किरकोळ ४,०००. स्थिर खर्च २०,०००. नव्या बारा गिऱ्हाइकांकडून महिन्याचे पैसे आगाऊ घ्यायचे, म्हणजे खेळत्या भांडवलाचे कर्ज नकोच.

बावन्न डबे × ३५ रुपये × २६ दिवस = ४७,३२० रुपये
वजा स्थिर खर्च = २०,००० रुपये
वजा हप्ता = २,४५५ रुपये
हाती शिल्लक = २४,८६५ रुपये

आजच्यापेक्षा साडेतीन हजार अधिक. आजच्या जागी उभे राहायला ४९ डबे पुरेत, आणि बावन्न गिऱ्हाइकांची नावे वहीत आहेत. समजा बाराही जण आले नाहीत, तरी सुमारे चौदा हजार हाती राहतात. घरखर्चाचे बारा हजार निघतात आणि हप्ताही चुकत नाही. छत्तीस महिन्यांनी यंत्र आणि फ्रीज तिच्या मालकीचे. तोपर्यंत डबे सत्तरच्या पुढे गेले, तर दुकानाचा प्रस्ताव पुन्हा लिहिता येईल, आणि त्या वेळी हातात फेडलेल्या कर्जाचा दाखला असेल.

प्रस्तावाचे खरे काम हे आहे. बँक फक्त ‘माझे पैसे परत येतील का’ एवढेच विचारते. ‘मला हे करून काय मिळेल’ हा प्रश्न अर्जदाराने स्वतःच विचारायचा असतो. बँकेचा होकार म्हणजे आपला फायदा, असे समीकरण कधीही मांडू नये.

कागदपत्रे

त्यानंतर फॉर्म भरायला खरोखरच दहा मिनिटे लागली. जोडायचे कागद थोडक्यात सांगतो : ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड, खात्याचा सहा महिन्यांचा ते वर्षाचा उतारा, दरपत्रके, प्राप्तिकराची विवरणपत्रे असल्यास ती, आणि ‘उद्यम’ नोंदणी. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती विनामूल्य असून आधार क्रमांकावर घरबसल्या होते. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. खाद्यपदार्थांच्या धंद्याला अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते. घरगुती गॅस सिलिंडरवर धंदा चालत असेल तर तो आधी बदलून व्यावसायिक जोडणी घ्यावी. तपासणीला येणारा अधिकारी ओट्याखाली प्रथम वाकून पाहतो. यंत्र बँकेकडे नजरतारण राहते, म्हणजे ते वापरता येते पण विकता येत नाही. त्याचा विमा उतरवावा लागतो.

अर्जदाराचा पतगुणांक ३०० ते ९०० या मापात पाहिला जातो. पूर्वी हप्त्याने घेतलेल्या मोबाइलचा एखादा हप्ता चुकलेला असला तरी तो तेथे दिसतो. तो लपवू नये, कारण सांगावे. लपवलेली गोष्ट सापडली की पुढचा प्रत्येक खरा आकडाही संशयास्पद ठरतो.

योजना आणि गैरसमज

सरकारी योजनांविषयी तरुणांत फार गैरसमज आहेत. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, तेथून ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’ असे गट आहेत. २०२४ साली, पूर्वीचे ‘तरुण’ कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी ही मर्यादा २० लाखांपर्यंत नेण्यात आली. ताईचे पंचाहत्तर हजार ‘किशोर’ गटात बसले. हे अनुदान नव्हे, कर्जच आहे. त्यासाठी तारण लागत नाही आणि मध्यस्थही लागत नाही. सरकारी हमी असते ती बँकेसाठी, कर्ज बुडाले तर बँकेचे नुकसान भरून निघावे म्हणून. कर्जदाराचे देणे त्याने माफ होत नाही. २००८ पासूनच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान ठेवले गेले, परंतु ते मुख्यतः नव्याने सुरू होणाऱ्या उद्योगाला. आधीपासून चालू असलेला धंदा ‘नवा’ म्हणून दाखवण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या सल्लागाराला दुरूनच नमस्कार करावा.

बँकेत गेल्यावर

प्रस्ताव दुसऱ्याने टंकलिखित केला तरी चालेल, परंतु त्यातला प्रत्येक आकडा स्वतःला सांगता आला पाहिजे. ताईला मी एकच तयारी करायला सांगितली : “एका डब्यामागे काय उरते आणि किती डबे गेले नाहीत तर अडचण येईल, या दोन प्रश्नांची उत्तरे कागद न पाहता दे.” अधिकाऱ्याने नेमके दुसरे विचारले. तिने चटकन सांगितले, “एकोणपन्नासच्या खाली गेले तर आजच्यापेक्षा कमी उरेल. पण चाळीसलासुद्धा हप्ता जातो साहेब.” तिचे कर्ज मंजूर झाले.

अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. नकार आला तर कारण लेखी मागावे. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या मार्गदर्शक संहितेनेच लहान अर्जदाराला हा हक्क दिला आहे. नकाराचे कारण हे पुढच्या प्रस्तावाचे पहिले पान असते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या टेबलाच्या एका बाजूला बसतील, काहीजण दुसऱ्या बाजूला. बाजू कोणतीही असो, एक गोष्ट करून पाहा. येत्या सुट्टीत घराजवळच्या एखाद्या लहान धंदेवाल्यापाशी, तो इस्त्रीवाला असो, पिठाच्या गिरणीवाला असो की चहाची टपरी चालवणारा असो, त्याच्या परवानगीने अर्धा तास बसा आणि त्याच्या धंद्याचे हे दोन खण भरा : संख्येबरोबर वाढणारा खर्च, आणि न वाढणारा. मग त्याला विचारा, की उद्या एक लाख मिळाले तर काय कराल. त्याचे उत्तर त्या दोन खणांशी ताडून पाहा. वर्गात शिकलेले अर्थशास्त्र त्या अर्ध्या तासात तुम्हाला प्रत्यक्ष भेटेल, आणि कदाचित त्या धंदेवाल्याचाही एक चुकीचा हप्ता वाचेल.